यादी बाजूला ठेवा, एक उतारा नीट उघडा

प्रश्न : मी मंडळीतल्या तरुणांचा शास्त्राभ्यास घेतो. कामावरच्या एका मित्राला मी ‘येशूविषयीची तीनशेहून अधिक भाकितं पूर्ण झाली’ अशी यादी पाठवली. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं : यशया ७:१४ आहाज राजाच्या काळातल्या मुलाबद्दल आहे; होशेय ११:१ हे भाकीतच नाही; सोर शहर कायमचं नष्ट झालंच नाही; आणि बाकीचं सगळं शुभवर्तमानकारांनी जुना करार समोर ठेवून लिहिलं आहे. मी ती वचनं मागच्या-पुढच्या भागासह वाचली आणि बऱ्याच ठिकाणी तोच बरोबर वाटला. आता माझीच झोप उडाली आहे. पुढच्या महिन्यात याच विषयावर तरुणांना शिकवायचं आहे. काय करू?

उत्तर :

तुमच्या मित्राने शास्त्र उघडून संदर्भ वाचले. अशी यादी हाती आलेली किती माणसं एवढे कष्ट घेतात? त्यामुळे त्याला परतवून लावायच्या तयारीला लागू नका. त्याच्या चार आक्षेपांपैकी पहिले दोन, जेवढं तो म्हणतो तेवढ्यापुरते, बरोबर आहेत. तिसरा अर्धा बरोबर आहे. चौथा काही वचनांना चांगलाच लागतो, काहींना अजिबात लागत नाही, आणि तुमचा सगळा अभ्यास तिथेच व्हायला हवा.

भाकिताचा दाखला खरा आहे, असं आम्ही मनापासून मानतो. पण यादी करून आपणच त्याची धार घालवतो. यादीत संदेष्ट्याने पुढच्या काळाबद्दल केलेलं सरळ विधान, स्तोत्रातला विलाप, इतिहासाची आठवण, राज्याभिषेकाचं गीत या सगळ्यांना सारखाच एकेक गुण मिळतो. १९व्या शतकात आल्फ्रेड एडरशाइम या अभ्यासकाने जुन्या यहुदी लिखाणांत मशीहाला, म्हणजे येणाऱ्या अभिषिक्त तारकाला, लावून वाचलेली जुन्या करारातली ४५६ वचनं मोजली होती. आकडा मोठा आहे, पण त्यावरून कळतं ते एवढंच की लोक ती वचनं मशीहाबद्दल वाचत होते. ‘पूर्ण झालेली भाकितं’ ही वेगळी गोष्ट आहे आणि याद्यांमध्ये नेमका हाच फरक पुसला जातो.

तुमच्या यादीच्या शेवटी बहुधा ते प्रसिद्ध गणितही असेल : आठ भाकितं एकाच माणसात योगायोगाने जुळण्याची शक्यता दहाच्या सतराव्या घातात एक. ते वर्गात वापरू नका. शक्यतांचा असा गुणाकार करायचा तर प्रत्येक गोष्ट दुसरीपासून स्वतंत्र असावी लागते. दाविदाचं घराणं आणि बेथलेहेम या स्वतंत्र गोष्टी नाहीत, कारण बेथलेहेम हेच दाविदाचं गाव. शिंगरावर बसून यरुशलेमेत येणं ज्याने जखऱ्या ९:९ वाचलं आहे त्याला ठरवून करता येतं. शिवाय गुणाकाराला घेतलेले मूळ आकडे अंदाजाने धरलेले आहेत. गणित येणारा एखादा मुलगा हे पहिल्या पाच मिनिटांत सांगेल, आणि पुढे तुम्ही जे खरोखर भक्कम सांगाल त्यावरूनही त्याचा विश्वास उडेल.

त्याऐवजी कागद आडवा धरून पाच रकाने पाडा. पहिल्यात वचन आणि त्याचा अख्खा उतारा. दुसऱ्यात, हे लिखाण उशिरात उशिरा कधीचं असू शकतं. तिसऱ्यात, पहिल्या श्रोत्यांना त्याचा काय अर्थ लागला असेल. चौथ्यात, घटनेला शुभवर्तमानाबाहेरचा पुरावा आहे का. पाचव्यात, ती घटना कुणाला ठरवून घडवता किंवा लिहिता आली असती का. दुसऱ्या रकान्यात ‘परंपरेनुसार अमुक साल’ लिहू नका. संशयी माणूसही नाकारू शकणार नाही तेवढंच साल लिहा, म्हणजे तारखांच्या वादात तास जाणार नाही.

नमुन्याला मीखा ५:२ घ्या. बेथलेहेम एफ्राथातून इस्राएलाचा अधिपती निघेल. येशूच्या आधीचं लिखाण, यात वाद नाही. तिसरा रकानाही चांगला भरतो, कारण योहान ७:४२ मध्ये लोकच म्हणतात की ख्रिस्त दाविदाच्या गावातून, बेथलेहेमातून यायचा आहे. म्हणजे हा अर्थ ख्रिस्ती लोकांनी मागाहून चिकटवलेला नाही. पाचव्या रकान्यात, आपण कुठे जन्मावं हे कुणाच्या हातात नसतं. पण चौथा रकाना रिकामा राहतो : बेथलेहेमातला जन्म मत्तय आणि लूक सांगतात, बाहेरच्या कोणत्याही लेखकाने सांगितलेला नाही. दोघांच्या कथा एकमेकांवरून उतरवलेल्या दिसत नाहीत, ही जमेची बाजू. पण ‘त्यांनी मीखा वाचूनच लिहिलं’ असं कुणी म्हटलं तर त्याला गप्प करणारा पुरावा तुमच्या हाती नाही. ज्याचा विश्वास आहे त्याला हे वचन बळ देतं, ज्याचा नाही त्याला एकट्याने पटवू शकत नाही. कागदावर हे जसं आहे तसंच लिहा.

आता होशेय ११:१. ‘मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावलं.’ तुमचा मित्र म्हणतो ते खरं : होशेय मागे वळून निर्गमाकडे पाहतो आहे, आणि पुढच्याच वचनात तो पुत्र, म्हणजे इस्राएल, बआलमूर्तींना यज्ञ करतो. मत्तयाला हे पुढचं वचन माहीत नव्हतं असं समजू नका. मराठीत ‘वचन पूर्ण झालं’ म्हटलं की आधी सांगितलेलं तसंच घडलं, एवढंच मनात येतं. मत्तयाने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ भरणं, काठोकाठ भरणं. अर्धं राहिलेलं भांडं भरून येणं. त्याच्या पुढच्या पानांवर पाहा : मिसरातून बाहेर येणं, पाण्यातून जाणं, मग रानात चाळीस दिवस. आणि सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६व्या आणि ८व्या अध्यायांतली, म्हणजे इस्राएलाच्या चाळीस वर्षांबद्दलची. जिथे पहिला पुत्र चुकला तिथे हा पुत्र टिकला, असं मत्तय दाखवतो आहे. अर्थ खोल आहे, पण तो विश्वासाने वाचणाऱ्याला दिसतो. पुराव्यांच्या यादीत हे वचन घालणं म्हणजे मत्तयाच्या तोंडी त्याने न केलेला दावा घालणं.

यशया ७:१४ (‘कुमारी गर्भवती होईल आणि पुत्राला जन्म देईल’) चंही थोडं असंच. साल साधारण इ.स.पू. ७३५. अरामाचा रसीन आणि इस्राएलाचा पेकह हे दोन राजे यहूदावर चालून आले आहेत आणि आहाज घाबरला आहे. सोळाव्या वचनात स्पष्ट आहे की त्या मुलाला बरंवाईट कळू लागण्याआधीच या दोन राजांचे देश ओसाड होतील, इ.स.पू. ७३२ मध्ये दिमिष्क अश्शूरांच्या हाती पडलंही. हिब्रूतल्या ‘अल्मा’ या शब्दाचा अर्थ लग्नाच्या वयाची तरुण स्त्री. ‘कुमारी’ हा नेमका अर्थ देणारा शब्द येशूच्या आधीच झालेल्या ग्रीक भाषांतरात आहे, आणि ते भाषांतर यहुद्यांनी केलेलं, त्यामुळे तो ख्रिस्ती लोकांनी घुसवला हा आरोप टिकत नाही. एवढं सांगा. ७ ते १२ हे अध्याय सलग वाचलेत तर त्या बाळाचं चित्र आहाजाच्या काळात मावेनासं होतं (९:६, ११:१), हेही सांगा. पण मित्राशी बोलताना सुरुवात इथून करू नका. पहिलंच पाऊल वादाच्या जागेवर पडतं.

सोर. यहेज्केल २६ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर तिचा नाश करील आणि ती पुन्हा बांधली जाणार नाही असं आहे. १३ वर्षं वेढा घालूनही त्याच्या हाती विशेष लूट लागली नाही, आणि हे आक्षेप घेणाऱ्यांनी शोधून काढलेलं नाही, यहेज्केलाच्याच पुस्तकात ते लिहिलं आहे. २९:१८ उघडा : ओझी वाहून शिपायांच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलून निघाले, पण त्याला किंवा त्याच्या सैन्याला सोरेकडून मजुरी मिळाली नाही. म्हणून देव त्याला मिसर देतो. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने किनाऱ्यावरच्या जुन्या शहराचे दगडधोंडे समुद्रात लोटून बेटापर्यंत बांध घातला आणि सात महिन्यांत शहर घेतलं. २६:१२ शी (‘तुझे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकतील’) हे थक्क करणारं जुळतं, आणि म्हणूनच ते प्रत्येक यादीत असतं. पण पौल सोरेत उतरून सात दिवस राहिला (प्रे. कृ. २१:३-४) आणि शहर आज लेबनॉनमध्ये आहे. पूर्ण गोष्ट सांगायची असेल तर सांगा. अर्धी सांगायची असेल तर सोर सोडून द्या.

दानीएलाचे सत्तर सप्तक (दानीएल ९) तरुणांच्या पहिल्या वर्गात नकोत. सप्तक म्हणजे सात वर्षं धरतात, आणि यरुशलेम पुन्हा बांधण्याच्या आज्ञेपासून अभिषिक्तापर्यंत ६९ सप्तक, म्हणजे ४८३ वर्षं. इ.स.पू. ४५७ पासून ४८३ सौर वर्षं मोजली तर इ.स. २७ येतं. ४४५ पासून ३६० दिवसांची वर्षं धरली तर १,७३,८८० दिवस होतात आणि इ.स. ३२ येतं. सुरुवातही आपण निवडायची आणि वर्षाची लांबीही, तेव्हा ऐकणाऱ्याला ते उत्तराकडून मांडलेलं गणित वाटतं, आणि त्याला दोष देता येत नाही. ९:२६ मधला क्रम, अभिषिक्ताचा वध आणि त्यानंतर नगर व पवित्रस्थान यांचा नाश, हा मात्र विचार करायला लावणारा आहे. टीकाकार तो इ.स.पू. २ऱ्या शतकातल्या ओनियास या प्रमुख याजकाला लावतात. पण त्या वेळी मंदिर विटाळलं गेलं, पाडलं गेलं नाही. ते पाडलं गेलं इ.स. ७० मध्ये.

आता चौथा आक्षेप, जो तुम्हाला खरा टोचतो आहे. शुभवर्तमानकारांनी स्तोत्र २२ समोर ठेवून वधस्तंभाचं दृश्य लिहिलं असेल तर? कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या, या तपशिलाला शुभवर्तमानाबाहेर दुजोरा नाही, हे कबूल करा. त्याच स्तोत्रातल्या १६व्या वचनात ‘त्यांनी माझे हातपाय विंधले’ असं आपण वाचतो. परंपरागत हिब्रू पाठात तिथे ‘सिंहासारखे’ असा शब्द आहे, ग्रीकमध्ये ‘खणले’ या अर्थाचं क्रियापद आहे, आणि मृत समुद्राजवळ नहल हेवर इथे सापडलेल्या जुन्या तुकड्यातलं वाचन क्रियापदाच्या बाजूचं आहे. फरक हिब्रूतल्या एका अक्षराच्या शेपटीचा : आखूड ठेवली की योद, लांबवली की वाव. एवढ्याशा रेषेवर कुणाच्या विश्वासाचा भार टाकू नका. भार टाका तो जिथे घटना बाहेरूनही माहीत आहे तिथे. रोमन सुभेदार पिलाताच्या हाताखाली ख्रिस्ताला मृत्युदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटस इ.स. ११६च्या सुमारास लिहितो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं.

आणि म्हणून यशया ५२:१३ ते ५३:१२. एकूण १५ वचनं. तुमचा पूर्ण महिना यावर गेला तरी चालेल. अध्यायांचे आकडे फार उशिराचे आहेत, त्यामुळे वाचन ५३:१ पासून सुरू करणं ही नेहमीची चूक; गीत तीन वचनं आधी, ‘पाहा, माझा सेवक’ इथे सुरू होतं.

दुसरा रकाना इथे झळाळून उठतो. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची जवळजवळ अखंड गुंडाळी सापडली. चामड्याचे १७ तुकडे शिवून केलेली, सुमारे ७.३ मीटर लांब, ५४ स्तंभ, साधारण इ.स.पू. १२५ची. यशयाचं पुस्तक एकाने लिहिलं की दोघा-तिघांनी, ४०व्या अध्यायापुढचा भाग ८व्या शतकातला की ६व्या, हे वाद चालू द्या. कोरेश या पारसी राजाचं नाव त्यात त्याच्या काळाआधी लिहिलं की नंतर यात अडकू नका. हे गीत येशूच्या जन्माआधी शंभर वर्षं तरी शाईने चामड्यावर उतरलेलं होतं, आणि ते आजही वाचता येतं.

त्यात काय आहे ते तरुणांना स्वतः शोधायला लावा. तुच्छ मानलेला. दुसऱ्यांच्या अपराधांसाठी घायाळ. छळ होताना तोंड न उघडणारा. जिवंतांच्या भूमीतून काढून टाकलेला, पुरलेला, आणि नंतर, दहाव्या-अकराव्या वचनांत, दीर्घायुषी, संतती पाहणारा, पुष्कळांना नीतिमान ठरवणारा. मृत्यूनंतर आयुष्य वाढतं कसं, हा प्रश्न त्यांनीच विचारला तर अर्धं काम झालं. नवव्या वचनात तो मेल्यावर ‘धनवाना’जवळ होता असं आहे, त्यावर मात्र सांभाळून बोला : येशूला कबरेत ठेवणारा अरिमथाईकर योसेफ धनवान होता असं फक्त मत्तय म्हणतो. पण निर्दोष म्हणून मानलेला, मृत्युदंड झालेला आणि ‘पुष्कळांची पापं’ वाहणारा, हा मुख्य सांगाडा त्या एका शब्दावर उभा नाही.

यहुदी वाचकांचं उत्तर तुम्हाला नीट माहीत हवं, आणि ते आदराने सांगता यायला हवं. ११व्या शतकातला थोर भाष्यकार राशी इथला सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र मानतो. हे पोकळ नाही : ४१:८ आणि ४९:३ मध्ये सेवकाला चक्क इस्राएल म्हटलं आहे. मग ४९:५-६ वाचा. तिथे सेवकाचं काम इस्राएलालाच परत आणणं हे आहे. ४२:१९ मध्ये सेवक आंधळा-बहिरा आहे, तर ५३:९ मध्ये निष्पाप. ५३:८ मध्ये तो ‘माझ्या लोकांच्या’ अपराधासाठी मार खातो. इस्राएल या नावाखाली इस्राएलासाठी उभा राहणारा एकजण, असं वाचलं की हे धागे जुळतात. तालमूद या यहुदी गुरूंच्या ग्रंथातही (सन्हेद्रिन ९८ब) ५३:४ मशीहाला लावून वाचलेलं आहे. आपल्या बाजूची अडचणही लपवू नका : दहाव्या वचनातला ‘संतती’ हा शब्द साधारणपणे पोटच्या मुलांसाठी येतो. आणि हा दाखला यहुदी लोकांविरुद्ध शस्त्र म्हणून कधीच वापरू नका. लिहिणारे, जपणारे आणि येशूवर पहिल्यांदा विश्वास ठेवणारे तेच होते.

‘पण त्या काळी वधस्तंभावरचा मशीहा कुणी अपेक्षिलाच नव्हता,’ असं मित्र म्हणेल. खरंच आहे. लूक २४ मधले शिष्य तर हताश होऊन यरुशलेम सोडून निघाले होते. अनुवाद २१:२३ नुसार झाडाला टांगलेला शापित. असा मशीहा कुणी वचनं जुळवून, लोकांना पटेल म्हणून बनवला नसता. आधी घटना घडली, मग त्यांना शास्त्र उलगडलं. म्हणून वर्गातही क्रम तोच ठेवा : आधी वधस्तंभ आणि पुनरुत्थानाची साक्ष, मग भाकीत. अनुवाद १३:१-३ तर बजावतंच की एखाद्याचं चिन्ह खरं ठरलं एवढ्यावर त्याच्या मागे जाऊ नका. तो कोणत्या देवाकडे नेतो ते पाहा.

एक भाकीत याद्यांमध्ये जवळपास कधीच ठळक नसतं, आणि आम्हाला ते फार मोलाचं वाटतं. यशया ४९:६ : ‘तू राष्ट्रांना प्रकाश होशील, माझं तारण पृथ्वीच्या टोकापर्यंत पोहोचेल.’ हे लिहिलं गेलं तेव्हा याकोबाच्या देवाची उपासना करणारे लोक किती थोडे होते! आज जगातली कितीतरी कुळं, भाषा आणि राष्ट्रं त्याच देवाला हाक मारतात, आणि बहुतेक येशूच्याच नावाने. ही घटना कोणत्याही शुभवर्तमानकाराला लिहून घडवता आली नसती. पौलाने हेच वचन डोळ्यांसमोर ठेवून काम केलं (प्रे. कृ. १३:४७), म्हणून ते आपोआप घडलं असं कुणी म्हणेल; पण ठरवून एवढं घडतं का, हे त्याच्यावरच सोडा. चौथा रकाना भरायला इथे टॅसिटसचीही गरज नाही. तुमच्या वर्गात बसलेली मुलं पुरेत.

एका बैठकीत एकच उतारा घ्या. पहिल्या आठवड्यात अनुवाद १८:२१-२२ आणि यिर्मया १८:७-१०, म्हणजे भाकीत पारखायचं कसं आणि काही इशारे अटीचे असतात ते. योनाने चाळीस दिवसांची मुदत दिली आणि निनवे वाचली, हा दाखला द्या. पण ‘ते अटीचं होतं’ ही सबब फसलेल्या प्रत्येक ठिकाणी पुढे करायची नाही, हेही सांगा. दुसऱ्या आठवड्यात मत्तय २ आणि होशेय. तिसरा आणि चौथा पूर्णपणे यशयाच्या गीताला, कागद आणि पाच रकाने प्रत्येकाच्या हातात देऊन.

मित्राला आज एवढंच लिहा : ‘तू म्हणालास ते तपासलं. होशेयबद्दल तू बरोबर आहेस, सोरेबद्दल मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. यादी मागे घेतो. एकच उतारा सोबत वाचशील का, यशया ५२:१३ पासून पंधरा वचनं?’ भेटलात की मोठ्याने वाचा, तीन-चार मिनिटं लागतील. मग रथात बसून हाच उतारा वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याने फिलिप्पाला विचारलेला प्रश्न त्याला विचारा : संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? आणि त्याचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. तो ‘इस्राएल’ म्हणाला तर चार पानं मागे जाऊन ४९:३ ते ६ दोघांनी मिळून वाचा.